पितृपक्षातल्या दोन खोल्या

घर शोधणं हे माझं काम नव्हतं. लग्नानंतर आम्ही वाशीममध्ये तीन घरं बदलली आणि तिन्ही बायकोने शोधली. सामान हलवायच्या दिवशी पुस्तकांच्या खोक्यांवर आकडे टाकायचे, एवढाच माझा वाटा. ती दुपारी दोन तास बाहेर पडायची, कुठल्याशा बाईच्या ओट्यावर बसून पाणी प्यायची आणि संध्याकाळी सांगायची, "पायलं घर. मोरी जराशी लहान हाये, पन बाई बरी हाये." घर बरं की बाई बरी, यात तिला कधी फरक वाटला नाही. मला तो तेव्हा अडाणीपणा वाटायचा.

ज्येष्ठात ती गेली. कावीळ झाली, अकोल्याला नेलं, बाराव्या दिवशी परत आणलं. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. लिहायला बसलो की पहिल्या वाक्यावरच थांबतो. पण ती गेल्यावर तीन महिन्यांच्या आत घर शोधायची वेळ आली, त्याबद्दल लिहू शकतो. त्यात दुःखापेक्षा चीड जास्त होती, आणि चिडलेल्या माणसाची वाक्यं पूर्ण होतात.

मी एका सार्वजनिक वाचनालयात सहायक आहे. पगार सांगण्यासारखा नाही. घरात आता तीन माणसं: मी, गुडघ्यांनी थकलेली आई आणि दहावीतली मुलगी. नागपंचमीच्या सुमारास घरमालक संध्याकाळी आले, खुर्चीच्या अगदी टोकावर बसले आणि बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले. त्या भिंतीवर हिचा फोटो होता.

"सर, वाईट वाटून राह्यलं मले," ते म्हणाले, "पन घटस्थापनेच्या आत खाली करा लागन."

"का हो?"

"पोरगा म्हनते, खोल्यांत पार्टिशन टाकू. भरतीचे पोरं येऊन राह्यले ना सगळीकडून. पोलीस भरती, आर्मी भरती. एका खोलीत तीन-तीन पोरं राह्यतात, डोक्याप्रमाणं पैसे देतात. तुमीच सांगा."

आमच्या दोन खोल्यांत सहा लोखंडी पलंग बसतात हे त्यांनी आधीच मोजलेलं असावं, कारण बोलताना त्यांची नजर भिंतीवरून फरशीवर आणि फरशीवरून परत भिंतीवर जात होती. माणूस वाईट नव्हता. हिच्या आजारपणात त्यांनी रात्री-अपरात्री रिक्षा आणून दिली होती. मुदतही जवळजवळ दोन महिन्यांची दिली. नवरात्रात नवीन काम सुरू करायचं, म्हणून त्याआधी घर मोकळं हवं, एवढंच त्यांचं म्हणणं.

केनवडच्या माझ्या थोरल्या भावाला हे कळलं तेव्हा त्याचा फोन आला. "कायले जीव जाळतं लेका? मायले अन् पोरीले इकडं पाठव. तू एकटा कुठंबी पडशीन."

"तिची दहावी आहे, दादा."

"इथं काय शाळा नाई? अन् दहावी झाल्यावर तुले तिले कलेक्टर करा लागते काय?" मग जरा थांबून, जणू सहज आठवल्यासारखं, "इकडं पोरीसाठी एक चांगलं घर हाये पाहन्यात. घाई नाई आपल्याले. पाहू."

भाऊ प्रेमाने बोलत होता, हे मला माहीत आहे. पण त्या 'पाहू'ने माझी झोप गेली. मुलगी एकदा केनवडला गेली की परत येणार नाही, हे मला पुस्तकात लिहिल्यासारखं स्पष्ट दिसलं. तेव्हा ठरवलं की काहीही झालं तरी घटस्थापनेच्या आत शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, तळमजल्यावर, साडेतीन हजारांच्या आत दोन खोल्या शोधायच्या. साधी गोष्ट. या गावात हजारो घरं आहेत.

मी शोधायला लागलो. वाचनालय दुपारी बंद असतं, त्या वेळात. पहिल्याच आठवड्यात मला कळलं की घर भाड्याने द्यायचं असणारा माणूस घराबद्दल बोलत नाही, भाडेकरूबद्दल बोलतो. मी दारात उभा राहून मोरी कुठे आहे, नळ किती दिवसांनी येतो असं विचारायचो, आणि समोरून प्रश्न यायचा, "आडनाव काय म्हनलं तुमचं?" आडनाव सांगितलं की, "मूळ गाव?" गाव सांगितलं की, "गावात कोनत्या बाजूले घर हाये?" हा प्रश्न भूगोलाचा नसतो. आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे शेतकरी, म्हणून या परीक्षेत मी पास व्हायचो, आणि पास झाल्याची लाज वाटायची. जे इथेच नापास होतात ते पुढे कुठे जातात, हे मी कधी विचारलं नाही. तेही लिहून ठेवतो.

मग पुढचा प्रश्न. लाखाळ्याकडच्या एका घरी एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. पेपर वाचणारा माणूस पाहून मला बरं वाटलं.

"घरात बाईमानूस कोन?" त्यांनी विचारलं.

"आई आहे. मुलगी आहे."

"तसं नाई. तुमची बाई?"

"ती वारली. ज्येष्ठात."

त्यांनी पेपरची घडी केली. "मंग वर्ष नाई झालं अजून."

"नाही."

"आमच्या घरी फाल्गुनात लग्न हाये हो सर. राग मानू नोका. वर्ष झाल्यावर या, तवा खोली रिकामी असन तर बिनधास्त देऊ."

बिनधास्त. मी राग मानला नाही, निदान दारातून बाहेर पडेपर्यंत. वर्ष झाल्यावर मला घर कशाला लागेल, तोवर आम्ही काय बसस्थानकावर राहायचं, असं विचारायला हवं होतं. पण मला योग्य वाक्य नेहमी दोन गल्ल्या ओलांडल्यावर सुचतं. हिला ते तोंडावर सुचायचं, आणि वर लोक हसायचे.

असं बऱ्याच ठिकाणी झालं. कोणाकडे लग्न, कोणाकडे बाळंतीण, कोणी नुसतंच "सासू जुन्या वळनाची हाये" म्हणून. जिथे हे काही नव्हतं तिथे भरतीची पोरं आधीच येऊन गेली होती. एका ठिकाणी जिना होता, एका ठिकाणी संडास रस्त्यापलीकडे होता, आणि एका ठिकाणी मालक म्हणाला की सगळं चालेल, पण म्हातारं माणूस नको. "उद्या काई झालं तर?" म्हणजे आईने त्याच्या घरात मरू नये, ही त्याची अट. मी त्याला विचारलं, तुमचे वडील कुठे वारले? तो म्हणाला, याच घरात. त्यात त्याला काही विचित्र वाटलं नाही.

नगरपालिकेत घरकुल योजनेचंही विचारून पाहिलं. सोप्या भाषेत उत्तर मिळालं की घर बांधायला मदत मिळेल, पण जागा स्वतःची हवी. ज्याच्याकडे गावात जागा आहे त्याला भाड्याचं घर शोधत हिंडावं लागतं का, हा प्रश्न मी टेबलापलीकडच्या पोराला विचारला. तो बिचारा म्हणाला, "सर, मीबी भाड्यानंच राह्यतो." मग आम्ही दोघांनी त्याच्या घरमालकाबद्दल पाच मिनिटं बोलून मन हलकं केलं.

पोळा झाला, गणपती बसले, आणि माझ्याकडे एकही घर नव्हतं. आईने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "तू घरं पाह्यतं काय मानसं? बायाशी बोल जरा. दरवाज्यात ताठ उभा राह्यतं पोस्टमनसारखा, कोन देईन तुले घर?"

"मग काय करू?"

"पानी माग. ओट्यावर बस. ते तशीच करे."

दुसऱ्या दिवशी पुसद नाक्याच्या अलीकडच्या एका गल्लीत मी एका ओट्यावर बसलो आणि पाणी मागितलं. मला तहान नव्हती. घर एका निवृत्त कंडक्टरचं. ते स्वतः अंगणात बाजेवर बसलेले, कानाने अधू. कारभार सगळा त्यांच्या बायकोचा. साठीची, अंगाने भरलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बाजूच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. मी विचारलेल्या कशाचंही उत्तर न देता तिने मलाच विचारलं, "बायको कशानं गेली?"

हिच्याबद्दल आपण होऊन विचारणारी ती पहिली घरमालकीण. मी सांगितलं.

"सवाष्ण गेली?"

"हो."

"नशिबाची," ती म्हणाली.

हा शब्द मी तीन महिन्यांत किती बायकांच्या तोंडून ऐकला असेल. चाळिशीतली बाई दहावीतली पोर मागे ठेवून जाते आणि नवरा जिवंत आहे म्हणून नशिबाची. मी ग्लास खाली ठेवला. पण खोल्या तळमजल्यावर होत्या, शाळा दहा मिनिटांवर होती, आणि बाईने भाडं सांगितलं ते साडेतीन हजारच होतं. मी नशिबाबद्दल काही बोललो नाही.

"पन पितरपाख लागून राह्यला," ती म्हणाली. "पितरपाखात मी कोनाले घरात घेत नाई. घट बसले का या."

"घट बसायच्या आत मला तिकडून निघायचंय."

"मंग आता या."

"आता तीनच दिवस राहिलेत. वाचनालयात नवीन पुस्तकांची नोंदणी चालू आहे, आईला..."

"तर मंग मी काय करू?"

इकडचा मालक म्हणतो घटस्थापनेच्या आत, तिकडची मालकीण म्हणते घटस्थापनेनंतर, आणि मधले पंधरा दिवस पितरांचे. त्या पंधरा दिवसांत जिवंत माणसांनी कुठे राहायचं याची पंचांगात सोय नाही. मी घरी येऊन हे आईला सांगितलं तेव्हा माझा आवाज चढला असावा, कारण मुलगी आतून बाहेर आली.

आई मात्र शांत. "त्यात काय येवढं? पौर्णिमेच्या आत पान्याचा घडा नेऊन ठेव. घडा ठेवला का आपन राह्याले गेलो असंच होते. सामान मंग कवाबी ने."

मी कंडक्टरीणबाईंना फोन केला. त्यांना हे लगेच पटलं. "हो, घडा चालते! पौर्णिमेआधी आना. तुमच्या घरी सवाष्ण नाई, तर मी उचलून ठेवीन. पन सर, लवकर करा. शेजारीन तिच्या भाच्यासाठी मांगून राह्यली खोल्या. चार पोरं हायेत भरतीचे, जास्त देतो म्हनतात." मी विसार देऊ केला तर म्हणाल्या, घडा ठेवल्यावर द्या.

अनंत चतुर्दशीला सकाळी मी घडा आणायला निघालो. मुलगी शाळेच्या गणपतीपुढे लेझीम खेळायला गेली होती. आईने सांगितलं होतं, "घडा आन." कशाचा, ते सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नाही. पाण्याचा घडा म्हणजे मातीचा, असं मी धरलं. घरात तांब्याचा कलश होता. रोज देवापुढे दिसत होता.

कुंभाराच्या दुकानात म्हातारा एकटाच होता. मी म्हणालो, "पाण्याने भरून ठेवायचा आहे. एक चांगला घडा द्या."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. चतुर्दशीला, पितृपक्षाच्या तोंडावर, डोक्याचे केस अजून नीट न वाढलेला माणूस. "घरी कोनी गेलं काय, बाबू?"

"हो. बायको."

"कवा?"

"ज्येष्ठात."

"म्हंजे आखजी होऊन गेलती," तो हळूच म्हणाला आणि आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक लाल घागर होती, गळ्याशी पांढऱ्या चुन्याच्या रेघा ओढलेली, आणि वर ठेवायला एक छोटं मडकं. मी किंमत विचारली तर निम्मीच सांगितली. "याचे जास्त घेत नसतो." मला वाटलं, भला माणूस आहे. तो भला होताच.

मालकीणबाईंच्या गल्लीत गणपतीची मिरवणूक निघाली होती आणि बाई त्यात पुढे होत्या. मी कंडक्टरांना खुणेने सांगितलं, त्यांनी किल्ली दिली. अर्धा तास थांबलो. ढोल थांबेना. मला आईला औषध द्यायला घरी पोचायचं होतं. शेवटी नळाखाली घागर भरली, आत नेली आणि ठेवली. एका भिंतीचं पलिस्तर पडलेलं, दुसरीकडे ओल, म्हणून दक्षिणेच्या कोपऱ्यात ठेवली, तिथे कोरडं होतं. धूळ पडू नये म्हणून छोटं मडकंही भरून तिच्यावर बसवलं. खाली थोडे गहू पसरले, कारण घागर डुगडुगत होती आणि पिशवीत दळणाचे गहू होते. दाराला कुलूप लावलं आणि कितीतरी दिवसांनी मला एक काम पुरं केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात फोन आला. "सर, तुमी ताबडतोब या," एवढंच. आवाज असा होता की मी दार ओढून घेतलं, फलकावर काही लिहिलंही नाही.

खिडकीसमोर पाच-सहा बायका उभ्या होत्या. मला पाहून त्या बाजूला सरकल्या, पण गेल्या नाहीत. कंडक्टरीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"शिकले सवरले ना तुमी? हे काय करून ठेवलं?"

"घडा ठेवला. तुम्हीच सांगितलं होतं."

"घडा सांगतला होता! कलश! वर नारळ, आंब्याचे पानं! हे काय हाये?"

मी खिडकीतून पाहिलं. खरं सांगतो, तेव्हाच मला दिसलं. चुन्याच्या रेघांची लाल घागर, वर भरलेलं मडकं, खाली गहू, दक्षिणेचा कोपरा. दर अक्षय तृतीयेला, आमच्याकडच्या आखजीला, पितरांसाठी अशीच घागर भरतात. त्या वर्षात घरातलं कोणी गेलं असेल तर त्याची घागर पहिल्यांदा तेव्हाच भरायची. माझ्या आजोबांची मी लहान असताना पाहिली होती. ही आखजीनंतर गेली, म्हणून मी तिची घागर पितृपक्षात भरतोय असं कुंभाराने धरलं होतं. मी पुस्तकं वाचलेला माणूस, आणि बायकोची पितरांची घागर स्वतःच्या हाताने परक्या घरात मांडून, कुलूप लावून निघून आलो होतो.

"मी चुकलो," मी म्हणालो. "उचलून नेतो आत्ता."

"उचलता!" एक शेजारीण म्हणाली. "भरलेली घागर अशी उचलत असतात काय? जेवू घातल्याबिगर?"

"बाप्पा," दुसरी म्हणाली, "अन् ते बी पह्यल्या सालाची."

"मग माझ्या घरी नेऊन..."

"इथं बसली ते. आता इथंच जेवीन." मालकीणबाई माझ्याकडे न पाहता बोलत होत्या, जणू मी मध्ये नव्हतोच आणि हिच्याशीच काही बोलणं चाललं होतं. मग माझ्याकडे वळल्या. "माहीत हाये काय झालं? ते चारी पोरं काल संध्याकाळी आलते खोली पाह्याले. म्या म्हनलं, सरले नाई म्हनून सांगून देतो, जास्त पैसे भेटून राह्यले तर. खोटं कायले बोलू? खिडकीतून पाह्यलं अन् उलट्या पावली गेले! एक तं म्हने, काकू, इथं आधीच कोनी राहून राह्यलं."

बायका हसल्या. मीही हसलो असेन, कारण बाई अजून चिडल्या.

"हसून नोका राहू! आता या खोल्या कोन घेईन? सगळ्या गल्लीत झालं. आता तुमालेच राहा लागते. अन् घट बसल्यावर नाई, आताच या. नवमीले तिले जेवू घालाले घरचं मानूस पाह्यजे इथं. माह्या घरात परक्याची सवाष्ण मी उपाशी ठेवत नसतो."

एका दमात तिने कबूल केलं होतं की मला फसवून खोली दुसऱ्याला देणार होती, मला शिव्या घातल्या होत्या, आणि ज्या पितृपक्षात ती कोणाला घरात घेत नाही त्यातच मला बोलावत होती. यातल्या कशावर आधी संतापावं हे मला ठरवता येईना. शेवटी फक्त विचारलं, "भाडं?"

"जे सांगतलं तेच. मी जबान फिरवत नाई."

चार पोरांना खोली देणार होती ते जबान फिरवणं नव्हतं. पण तेही मला दोन गल्ल्या ओलांडल्यावर सुचलं.

घरी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती बराच वेळ पदराने तोंड झाकून बसली, आणि ती हसतेय की रडतेय हे मला कळलं नाही. मग म्हणाली, "तुले कोनं सांगतलं मातीचा आनाले? कलश नाई का घरात?" आणि पुन्हा तोंड झाकलं.

सप्तमीला सामान हलवलं. पितृपक्षात कोणी घर बदलत नाही, म्हणून टेम्पोवाला मोकळाच होता. त्याने पैसे कमी घेतले आणि सामान दारातच उतरवून निघून गेला, आत यायला तयार नव्हता. जुने मालक पाहतच राहिले. "सर, आता कुठं? पितरपाखात?" त्यांना वाटलं आपण ढकलून दिलं. पलंग येऊन पडलेले होते, तरी म्हणाले, "राहा ना घट बसेपर्यंत." मी म्हणालो, नको. घर मिळालं. कसं मिळालं ते सांगितलं नाही.

नवमी सवाष्ण गेलेल्या बायांची. आईने भिंतीला धरून धरून कढी, वडे, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, तांदळाची खीर केली. मुलीने पुरणाला हात लावला आणि ते बिघडलं, म्हणून पुरण झालं नाही. घागरीपुढे पान वाढलं. सवाष्ण म्हणून जेवायला कोणाला बोलवायचं, हा प्रश्नच नव्हता. मालकीणबाई हिरवं लुगडं नेसून, आम्ही बोलवायच्या आत येऊन पाटावर बसल्या.

"खिरीत साखर कमी हाये," त्या म्हणाल्या.

"तिले कमीच आवडे," आई म्हणाली.

बाई थांबल्या, पानावर पाहिलं, आणि पुन्हा खीर मागून घेतली. मुलीने वाढली. तिला त्यांनी विचारलं, "कोन्या वर्गात?" "दहावीत." "आमच्या गल्लीत पोरी दहावीत असल्या का लाइटं लवकर बंद नाई करत कोनी. वाच निवांत." मग हात धुताना, मला ऐकू जाईल अशा बेताने पण पाहत मात्र नळाकडे, "सर, भाडं चतुर्दशीपासून धरलं हाये बरं. घडा ठेवला तवापासून."

"आम्ही तर सप्तमीला आलो," मी म्हणालो.

"तुमी आले सप्तमीले. खोली तं चतुर्दशीपासून भरली ना? रिकामी होती काय?"

आईने माझ्याकडे पाहिलं. या वेळी मुद्दे मला जागच्या जागीच सुचले होते, आणि चांगले होते. की चूक असो, काही असो, आठ दिवस त्या खोलीत कोणीही राहत नव्हतं. नुसती एक मातीची घागर होती. हे सगळं मांडायला मी तोंड उघडलं. समोर मुलगी उष्टं पान उचलत होती, आणि पहिलंच वाक्य होतं, तिथे कोणी राहत नव्हतं. ते मला बोलता आलं नाही.

"बरं," मी म्हणालो. "चतुर्दशीपासून धरा."

"अन् अकरा महिन्याचाच कागद करू," त्या पदराला हात पुसत म्हणाल्या. "मंगचं मंग पाहू."

अकरा महिने म्हणजे पुढच्या श्रावणापर्यंत. तोवर दहावीची परीक्षा होऊन निकालही लागलेला असेल. मी रात्री केनवडला फोन लावला आणि भावाला सांगितलं की घर मिळालं आहे, पोरगी इथेच राहील. तो म्हणाला, पितरपाखात कोनं देलं रे तुले घर? मी म्हणालो, हिनेच पाहिलं. माझं डोकं ठिकाणावर नाही असं त्याला वाटलं असणार. फोन ठेवल्यावर मी पुस्तकांचं पहिलं खोकं उघडलं, पण ओल असलेली भिंत सोडून कपाट कुठे ठेवायचं हे ठरेना, म्हणून ते तसंच बंद केलं.